मुलीने कद्दिश म्हणण्याबद्दल राब्बी बाखराख काय म्हणतात?

आसावरी: जर्मनीतल्या वर्म्सच्या जुन्या ज्यू दफनभूमीत राब्बी (ज्यू धर्मगुरू) याईर हाय्यिम बाखराख (१६३८–१७०२) यांची कबर आहे. आईवडिलांमागे मुलगा जी कद्दिश प्रार्थना म्हणतो, ती मुलीने म्हणावी का, यावर त्यांनी लिहिलंय म्हणे. नेमकं काय? माझ्या वडिलांना अग्नी मीच दिला, म्हणून विचारते.

गोदाकाठ: 'हव्वोत याईर' हा त्यांच्या धर्मनिर्णयांचा संग्रह, १६९९ साली फ्रँकफर्टला छापलेला. त्यातला २२२ वा निर्णय बघा.

ॲमस्टरडॅममधल्या एकाला मुलगा नव्हता. मरण्यापूर्वी तो सांगून गेला, की बारा महिने रोज दहा जणांना पैसे देऊन माझ्या घरी अध्ययनाला बसवा, आणि ते उठायच्या आधी माझ्या मुलीने कद्दिश म्हणावा. तिथल्या पंडितांनी, पंचांनी हरकत घेतली नाही.

बाखराख आधी मुलीची बाजू लावून धरतात. देवाच्या नावाचं पावित्र्य राखायची आज्ञा बाईलाही आहे, कद्दिशला लागणारे दहा पुरुष हजर आहेत, आणि मुलगीही त्याचंच मूल, तेव्हा तिच्या म्हणण्यानेही त्याच्या आत्म्याला समाधान मिळेल. याविरुद्ध आधार नाही, असं ते स्वच्छ लिहितात. तरीही परवानगी देत नाहीत! जो तो आपल्या मताने वागू लागला तर रूढींचं बळ जाईल, ही धास्ती.

सदू_नाशिककर: म्हणजे शेवटी नकारच. मग एवढं कौतुक कशाचं?

गोदाकाठ: नकाराचा भार त्यांनी शास्त्रावर टाकला नाही, याचं. पुढे मुलींना परवानगी देणाऱ्यांना हाच निर्णय कामी आला. आणि त्यांची धास्ती मला समजते. १६८९ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजेने वर्म्स जाळलं, ज्यू वस्ती देशोधडीला लागली. ते परत येऊन तिथले राब्बी झाले ते १६९९ मध्ये, तेव्हा त्यांना नीट ऐकूही येत नव्हतं. अशा वेळी उरलेल्या चार माणसांना रूढीच धरून ठेवते. पण एका गोष्टीने जीव तुटतो. ग्रंथाच्या नावात त्यांनी आपल्या आजीचं, हव्वाचं नाव गुंफलंय. प्रागचे थोर राब्बी महाराल यांची ती नात, स्वतः मोठी विदुषी. तिच्या नातवाने तरी 'हो' म्हणायला हवं होतं.

आसावरी: मग 'हो' कोणी म्हटलं?

गोदाकाठ: याकोव राइशर यांनी. तेही पुढे वर्म्सलाच राब्बी झाले. मुलगा नसेल तर मुलीने घरी, दहा जण जमवून म्हणावा, असा त्यांचा निर्णय. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरात, मात्र नाही.