बेळगावात बिऱ्हाड हलवण्याआधी कोणते स्थानिक नियम माहीत करून घ्यावेत?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. उद्यमबागेतील एका कारखान्यात मला काम मिळाले असून दोन महिन्यांत कोल्हापूरहून सहकुटुंब बेळगावात राहायला येण्याचे ठरले आहे. भाड्यासाठी तीन घरे पाहून ठेवली आहेत. एक टिळकवाडीत वरच्या मजल्यावर आहे, दुसरे कॅम्पमध्ये जुन्या बंगल्याच्या आवारात आणि तिसरे हिंडलग्यात. तिघांची भाडी जवळपास सारखीच असल्यामुळे निवड कशावरून करावी हे कळत नाही. पत्नी ब्लाऊज आणि ड्रेस शिवते, तिला लहानसा गाळा घेऊन दुकान काढायचे आहे. आमची मोटार आणि मुलीची स्कूटर दोन्ही एम.एच. ०९ च्या आहेत. पुढेमागे जागा घ्यावी असाही विचार आहे आणि एका एजंटाने कंग्राळीच्या बाजूला एक प्लॉट दाखवलाही. किंमत अपेक्षेपेक्षा इतकी कमी होती की आनंदापेक्षा शंकाच अधिक आली.

माझे आजोळ शहापूरचे, त्यामुळे गाव परके नाही. पण सुट्टीला येणारा भाचा आणि घरभाडे भरणारा रहिवासी यांना लागणारी माहिती वेगळी असते. कानडी कानाला समजते, वाचता मात्र येत नाही. येण्याआधी कोणत्या नियमांची माहिती करून घ्यावी, हे जाणकारांनी सांगितले तर उपकार होतील. सीमाप्रश्नावरची चर्चा कृपया येथे नको, तिच्यासाठी इतर जागा पुष्कळ आहेत.

जुना_करवसुलीवाला

आपण तीन घरे म्हणता, पण खरे तर ती तीन वेगवेगळ्या कारभारांखालची घरे आहेत, आणि निवड करताना भाड्याच्या आधी हेच पाहायला हवे. टिळकवाडी महापालिकेच्या हद्दीत येते आणि तेथे १९७६ चा कर्नाटक महापालिका कायदा लागू आहे. कॅम्प म्हणजे छावणी. तेथे महापालिकेचे काही चालत नाही, २००६ च्या केंद्रीय छावणी कायद्याप्रमाणे कॅन्टोन्मेंट बोर्ड कारभार पाहते. हिंडलग्याला ग्रामपंचायत आहे. शहर एकसलग दिसते म्हणून नियमही एकसलग असतील असे समजून बाहेरून आलेली माणसे या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहतात. मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसून ते कित्येक वर्षे पाहिले आहे.

कॅम्पातले घर झाडीमुळे आणि शांततेमुळे मोह घालते, हे मान्य. परंतु तेथील बऱ्याच जुन्या बंगल्यांची जमीन सरकारी असते, तिच्यावरचे हक्क जुन्या अटींनी बांधलेले असतात आणि पत्र्याची शेड उभारायची झाली तरी बोर्डाची परवानगी लागते. भाडेकरूला याचा त्रास एरवी होत नाही. पण आपल्या पत्नीला त्याच आवारात दुकान काढायचे असेल तर मालकाच्या तोंडी होकारावर विसंबू नका. शिवाय देशभरातील छावण्यांमधील नागरी वस्ती शेजारच्या पालिकांकडे सोपवण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने हाती घेतलेले आहे, त्यामुळे आज ज्या कचेरीत आपण अर्ज कराल तीच कचेरी पुढेही राहील असे धरून चालू नये.

महापालिका हद्दीत घरपट्टी मालकाने स्वतः आकारणी करून भरायची असते. एप्रिलमध्ये भरल्यास ५ टक्के सूट मिळते, जूनअखेरपर्यंत दंड नसतो आणि त्यानंतर थकबाकीवर दरमहा २ टक्के दंड चढत जातो. हा भार मालकाचा असला तरी गाळा घेताना चालू वर्षाची पावती अवश्य पाहावी, कारण थकबाकी असलेल्या मिळकतीतल्या दुकानाला परवाना काढताना खोळंबा होऊ शकतो. कचऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा (जुने सेल, संपलेली औषधे, फुटलेले बल्ब) हे तिन्ही वेगळे ठेवणे २०१६ च्या नियमांपासून बंधनकारक आहे. सकाळी गाडी गल्लीत येते तेव्हा एकत्र केलेली पिशवी पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, परत हातात देतात आणि शेजारणी ते पाहत असतात. माझ्या मते दंडापेक्षा त्याचाच उपयोग जास्त होतो.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या. कोणत्याही सरकारी कचेरीत अर्ज दिला की 'सकाळ'ची पोच मागा. नावावरून वर्तमानपत्र आठवेल, पण हा २०११ चा कर्नाटकाचा सेवा हमी कायदा आहे आणि कानडीत त्याचा अर्थ वेळेवर असा होतो. पोचेवर १५ अंकी क्रमांक असतो आणि त्या सेवेची मुदत ठरलेली असते. मुदत उलटल्यास दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे हे खरे, पण क्रमांक असलेला कागद टेबलावरून सहसा हरवत नाही.

तिसरे_गेट

गाड्यांबद्दल मी लिहितो, कारण मी स्वतः गडहिंग्लजहून आलो तेव्हा या गोष्टीचा घोळ घातला होता. दुसऱ्या राज्याचा क्रमांक असलेली गाडी येथे चालवणे हा गुन्हा नाही. चंदगड-कोल्हापूरच्या गाड्या रोज शेकड्यांनी येतात-जातात. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. बेळगावचा क्रमांक के.ए. २२ ने सुरू होतो.

त्यासाठी क्रम असा ठेवा. आधी कोल्हापूरच्या आर.टी.ओ.कडून ना-हरकत दाखला घ्या. गाडीवर कर्ज असेल तर त्याआधी बँकेची संमती लागते. मग येथे गाडी दाखवून तिच्या वयाप्रमाणे कर्नाटकाचा आजीवन कर भरा. नवा क्रमांक मिळाल्यावर महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मागता येतो. मी घाईघाईने येथला कर भरला आणि परताव्याचा अर्ज करायचेच राहून गेले. दोष सर्वस्वी माझा होता. आपण महिन्या-दोन महिन्यांतून कोल्हापूरला जात असाल तर कोगनोळीच्या टोलच्या पावत्या जपून ठेवा. गाडी सलग इकडे नव्हती हे तोंडाने सांगून कोणी ऐकत नाही. वाहन चालवण्याचा परवाना मात्र बदलावा लागत नाही, तो देशभर चालतो. त्यावरचा पत्ता सवडीने बदलता येईल.

विषयाला धरूनच एक सावधगिरी. गोव्याची ट्रिप झाली की चोर्ला घाटातून येताना स्वस्त बाटल्या आणण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. परवान्याशिवाय ती दारू कर्नाटकात आणणे हा अबकारी गुन्हा आहे आणि कणकुंबीच्या नाक्यावर तपासणी होते. बाटलीबरोबर गाडीही जप्त होते, हे बहुतेकांना तेथे पोहोचल्यावर कळते.

दस्तलेखक_खडेबाजार

प्लॉटची किंमत कमी का, याचे उत्तर कागद मागितल्याबरोबर मिळेल. आमच्याकडे आठवड्यातून एक तरी कुटुंब असे येते की ज्यांनी जागा 'बाँडवर' घेतलेली असते. म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून मुद्रांक कागदावर करार लिहायचा, नोटरीचा शिक्का मारायचा आणि पैसे मोजायचे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे. नोटरीचा शिक्का कितीही ठसठशीत असला तरी मालकी येत नाही. मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक असाच कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले होते. पाच जणांच्या सह्या, दोन साक्षीदार, सारे काही होते. फक्त विकणाऱ्याचे नाव जमिनीच्या उताऱ्यावर कोठेच नव्हते.

म्हणून हद्दीप्रमाणे कागद विचारावेत. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीच्या संगणकीय मिळकत नोंदीचे, नमुना ९ आणि ११ अ हे उतारे असले म्हणजे मिळकत नियमाप्रमाणे बिनशेती झालेली आहे. नमुना ११ ब असेल तर पंचायतीने कर वसुलीसाठी नोंद ठेवली आहे एवढेच समजावे. तो मालकीचा किंवा मंजुरीचा पुरावा नव्हे. महापालिका हद्दीत ई-आस्ती खाता, म्हणजे महापालिकेच्या मिळकत नोंदीचा संगणकीय उतारा, पाहावा आणि त्यातही अ खाता आहे की ब खाता, हे विचारावे. अनधिकृत वसाहतींतील मिळकतींना ब खाता देण्याची मोहीम २०२५ पासून जोरात सुरू झाली, तेव्हा 'आता खाता मिळाला, सगळे कायदेशीर झाले' असे एजंट सांगू लागले आहेत. तसे नाही. ब खात्यावर कर घेतला जातो, त्याने मंजुरी मिळत नाही. मूळ जमीन शेतीची असेल तर १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या ९५ व्या कलमाखालचा बिनशेतीचा आदेश आणि नगरविकास प्राधिकरणाने, म्हणजे बुडाने, मंजूर केलेला लेआउट हे दोन्ही हवेत. त्याखेरीज बोजा दाखला, ज्याला येथे सर्वजण ई.सी. म्हणतात, नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून काढता येतो.

हे सारे कागद कानडीत असतात. एजंट वाचून दाखवतो त्यावर सही करू नये. पैसे देऊन त्रयस्थाकडून भाषांतर करून घ्यावे. भाड्याच्या करारालाही हेच लागू आहे. करार ११ महिन्यांचा केल्यास नोंदणी सक्तीची नसते, म्हणून तशीच प्रथा पडली आहे. परंतु डिपॉझिटची रक्कम, रंगकामाची कपात आणि वीजबिल कोणाच्या नावे राहणार या तीन गोष्टी मराठीत लिहिलेली एक प्रत मालकाच्या सहीनिशी जवळ ठेवली, तर जाताना वाद होत नाही.

सुईदोरा_वडगाव

वहिनींच्या दुकानाबद्दल मला लिहावेसे वाटले, कारण माझाही शिवणाचाच व्यवसाय आहे. दोन नोंदी लागतात. एक महापालिकेचा व्यापार परवाना, जो दरवर्षी नवा करावा लागतो, आणि दुसरी १९६१ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली कामगार खात्याकडची नोंद. घरच्या घरी चार ब्लाऊज शिवणे वेगळे. गाळा, पाटी आणि हाताखाली एक मुलगी आली की तो धंदा झाला.

पाटीचा मात्र नीट विचार करा. २०२२ च्या कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्यात २०२४ साली दुरुस्ती होऊन दुकानाच्या नामफलकावरील ६० टक्के मजकूर कानडीत आणि तोही फलकाच्या वरच्या भागात असणे सक्तीचे झाले आहे. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी लिहायला मनाई नाही, ही गोष्ट पाटी रंगवणारे पुष्कळदा सांगत नाहीत. मी आधी हौसेने मोठ्या मराठी अक्षरांत नाव घातले होते आणि खाली कोपऱ्यात कानडी. पाहणीला आलेल्यांनी मोजपट्टी लावली नाही, नुसते वर पाहिले आणि मुदत देऊन गेले. पुन्हा रंगवण्याचा खर्च झाला तो झालाच, शिवाय घाईत पेंटरने कानडीत माझ्या नावातला 'ळ' चुकवला आणि तीन महिने मी भलत्याच नावाने दुकान चालवले. कानडी मजकूर वाचणाऱ्या शेजाऱ्याला दाखवून मगच रंग लावून घ्यावा.

शिवलेले कपडे द्यायच्या पिशव्यांचेही पाहा. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांना देशभर बंदी आहे, आणि कर्नाटकाने तर २०१६ मध्येच प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद केल्या. तपासणीत दंड दुकानदाराला होतो. मी कात्रणांच्या कापडी पिशव्या शिवते. गिऱ्हाईक खूश होते आणि कात्रणेही संपतात.

फणसाखाली

दोन लहान गोष्टी राहिल्या. घर घेतल्यावर विजेच्या मीटरचा आर.आर. क्रमांक, म्हणजे जोडणीचा क्रमांक, लिहून घ्या आणि आधीच्या भाडेकरूने मोफत विजेच्या गृहज्योती योजनेसाठी जोडलेला आधार क्रमांक काढून टाकला आहे का, हे विचारा. तो तसाच राहिला तर सवलत आपल्या नावाने मिळत नाही. सर्वांना सरसकट २०० युनिट मोफत मिळतात, हाही गैरसमज आहे. मर्यादा त्या मीटरच्या आधीच्या सरासरी वापरावर ठरते आणि २०० युनिट ही तिची कमाल सीमा आहे.

दुसरी गोष्ट झाडांची. टिळकवाडीच्या किंवा कॅम्पच्या आवारात आंबा-फणस असेल आणि पावसाळ्याआधी फांदी धोकादायक वाटली, तरी परस्पर झाड तोडू नका. १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे खासगी आवारातील झाडालाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नारळासारखी काही झाडे त्यातून वगळली आहेत.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी येऊन तिन्ही ठिकाणी पुन्हा फिरलो. दस्तलेखक साहेबांनी सांगितल्याप्रमाणे कंग्राळीच्या एजंटाकडे नमुना ९ मागितला, तेव्हा त्याने 'तो नंतर निघतो' असे उत्तर दिले आणि बाँडची प्रत पुढे केली. आम्ही चहा घेऊन परतलो. हिंडलग्याच्या घराचा उतारा ११ ब निघाला. भाड्याने राहायला त्याची अडचण आहे का?

दस्तलेखक_खडेबाजार

राहायला नाही. फक्त मालक वर्षभराने 'तुम्हीच घ्या की विकत, भाडे वळते करून देतो' असे म्हणतील, तेव्हा हा उतारा आठवावा. दुकानाचा गाळा मात्र महापालिका हद्दीत बघा आणि घर व दुकान यांचे अर्ज वेगवेगळ्या कचेऱ्यांत जातील, हे आधीच लिहून ठेवा.

पंचगंगाकाठ

मग टिळकवाडीचेच घर घेतो. खालचा गाळाही त्याच मालकांचा आहे आणि त्यांनी यंदाच्या घरपट्टीची एप्रिलमधली पावती न मागता दाखवली. पाटीवरचा 'ळ' तपासायला सुईदोरा ताईंकडे येऊ.