हंगामाआधी मनात जे होतं, त्याला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

(ऑगस्ट २०२५) एक शब्द शोधतोय, मदत हवी आहे.

इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या प्रीमियर लीगचा २०२५-२६ चा हंगाम १५ ऑगस्टला सुरू होतोय. आर्सेनलचा पहिला सामना रविवारी, १७ तारखेला, मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर. मी आर्सेनलचा. २००३-०४ मध्ये हा संघ ३८ पैकी एकही सामना न हरता लीग जिंकला: २६ विजय, १२ बरोबरी. त्यानंतर लीगचं विजेतेपद नाही. गेले तीन हंगाम सलग दुसरे आलो. २०२२-२३ ला आपले ८४ गुण, मँचेस्टर सिटीचे ८९. पुढच्या हंगामात आपले ८९, सिटीचे ९१. नुकत्याच संपलेल्या हंगामात आपले ७४, लिव्हरपूलचे ८४.

मे महिन्यात मी ठरवून टाकतो की आता एवढं गुंतायचं नाही. जुलैत सरावाचे सामने सुरू झाले की वहीच्या मागच्या पानावर पुन्हा अकरा नावं लिहायला लागतो. साका उजवीकडे, राइस मध्ये, नवा ग्योकेरेस पुढे. नावं लिहून झाली की त्यातला एक जण सहा आठवडे दुखापतीत गेला तर काय, म्हणून खाली पर्यायी नावं लिहितो. यंदा तरी होईल का, हा एकच विचार दिवसातून कितीतरी वेळा येतो.

काल मित्राला हे सांगताना ‘आशा’ म्हणालो, ते अपुरं वाटलं. ‘भीती’ म्हणालो, तेही पटेना. आधी आशा आणि मग शंका असं ते नसतंच. दोन्ही एकाच क्षणी असतं. याला मराठीत नेमका शब्द आहे का?

प्रतिसाद

शब्द सापडेल तेव्हा सापडेल, पण आधी एक शब्द बाजूला काढू या. तुम्ही तो वापरला नाहीत याचा मला आनंद आहे. अपेक्षा.

आपण ‘गेल्या वर्षीपेक्षा बरं’ म्हणतो, त्यातला ‘पेक्षा’ हा ‘अपेक्षा’चाच झिजलेला अवशेष आहे. म्हणजे या शब्दाच्या पोटातच तुलना आहे. अपेक्षा कशाच्या तरी तुलनेत असते: गेल्या हंगामापेक्षा, शेजारच्या संघापेक्षा, खर्च केलेल्या पैशापेक्षा. तीन वेळा दुसरा आलेला संघ चौथ्यांदा दुसरा आला, तर गुणतक्त्यात तो तसूभरही घसरलेला नसतो, पण अपेक्षेच्या हिशेबात तो नापास होतो.

याउलट लेस्टर सिटीचा २०१५-१६ चा हंगाम बघा. आदल्या वर्षी ते कसेबसे खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचून चौदाव्या स्थानावर थांबले होते. सुरुवातीला सट्टेबाजांकडे त्यांच्या विजेतेपदाचा भाव पाच हजारास एक होता. म्हणजे अपेक्षा नावाची गोष्टच नव्हती. त्यांच्या पाठीराख्यांनी जे भोगलं ते निर्भेळ सुख होतं, कारण त्यात ‘पेक्षा’ कुठेच नव्हतं. तुमच्या वाट्याला ते सुख आता येणार नाही. तुमचा संघ चांगला आहे, हीच तुमची अडचण आहे.

आशा मात्र तुलनेवर उभी नसते. संस्कृतात ‘आशा’चा दुसरा अर्थ दिशा. मला तो जोड फार आवडतो. आशा म्हणजे ज्या दिशेला तोंड करून माणूस उभा असतो ती बाजू. आणि ते सुभाषित आठवत असेलच: आशा ही अशी साखळी आहे की तिने बांधलेले धावत सुटतात आणि तिच्यातून सुटलेले पांगळ्यासारखे एका जागी बसतात. वहीतली अकरा नावं ही त्या साखळीचीच एक कडी.

विचारणारा

‘पेक्षा’बद्दलचं वाचून थबकलो. कारण गेल्या हंगामात मला सर्वात जास्त छळलेली गोष्ट हीच आहे. आर्सेनल आणि लिव्हरपूल, दोघंही पूर्ण हंगामात फक्त चार-चार सामने हरले. सारखेच. फरक पडला तो बरोबरीत. आपल्या चौदा, त्यांच्या नऊ. त्या पाच बरोबऱ्यांऐवजी पाच विजय, प्रत्येकी दोन गुण जास्त, आणि दहा गुणांचं अंतर तयार.

जाता जाता: सामना ‘बरोबरीत सुटला’ असं आपण लिहितो. तो सुटतो खरा, पण बघणारा सुटत नाही. हरलेला सामना दोन दिवसांत विसरतो मी. बरोबरीतले चौदाही सामने आठवतात. कोणी सोपी संधी घालवली तेही आठवतं. हॅवर्ट्झ आणि जेझुस दोघं जायबंदी झाले, साका डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत बाहेर होता, मेरिनोसारख्या मध्यफळीतल्या खेळाडूला आघाडीवर खेळवावं लागलं. त्याने पहिल्याच वेळी लेस्टरविरुद्ध दोन गोल केलेही. पण पूर्ण हंगाम असा निभत नाही.

प्रतिसाद

‘हंगाम’ या शब्दावर थोडं बोलू का? मूळ विषयापासून जरा लांब जातोय, पण परत येतो.

फारसीतून आलेला शब्द. मराठीत तो आधी शेतीचा: खरीप हंगाम, रब्बी हंगाम. खेळाच्या पानांवर ‘मोसम’ही चालतो, तो अरबीतून आलेला, वाऱ्यांशी जोडलेला. मला हंगाम जास्त योग्य वाटतो. मोसम आपोआप येतो आणि जातो. हंगाम साधावा लागतो. पेरणी वेळेवर झाली नाही तर हंगाम हातचा गेला असं म्हणतात, मोसम हातचा गेला असं कोणी म्हणत नाही. खेळाडूंची खरेदी-विक्री ज्या उन्हाळी मुदतीत चालते, ती अगदी पेरणीसारखीच आहे. तेव्हा राहिलेली उणीव जानेवारीपर्यंत भरून निघत नाही. गेल्या हंगामात आघाडीवीर न घेतल्याची किंमत तुम्ही वर सांगितलीच.

याच शब्दापासून ‘हंगामी’ झाला आणि अर्थ तात्पुरता असा खाली उतरला. हंगामी कर्मचारी, हंगामी अध्यक्ष. हंगामी प्रशिक्षक म्हटलं की आपण मनात आधीच कमी गुण देतो. पण चेल्सीने मार्च २०१२ मध्ये रॉबेर्तो दी मातेओ यांना हंगामी म्हणून नेमलं आणि मे महिन्यात त्यांनी म्युनिकमध्ये, बायर्नच्या घरच्या मैदानावर, चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा जिंकून दिली.

मला खरं तर ‘हंगामी चाहता’ हा प्रयोग रुळवावासा वाटतो. जिंकणाऱ्याबरोबर येणारा, हरल्यावर न दिसणारा. आणि त्याच्या समोर जुना, सुंदर शब्द ठेवायचा: पाठीराखा. चाहत्याला समोरून बघायचं असतं. पाठीराखा मागे उभा असतो, पाठ राखायला. तुम्ही दुसरे.

प्रतिसाद

‘धाकधूक’ चालेल का? उच्चारतानाच छातीचे दोन ठोके ऐकू येतात.

विचारणारा

सामन्याच्या दिवशी चालेल. पेनल्टी घ्यायला खेळाडू पुढे येतो तेव्हा नक्कीच. पण धाकधूक काही मिनिटांची असते, फार तर काही तासांची. मी म्हणतोय ते तीन महिने चालतं.

मे संपल्यावर जी पोकळी वाटते तिला मी ‘हुरहूर’ म्हणेन. पण हुरहूर गेलेल्याची लागते. येणाऱ्याची नाही.

प्रतिसाद

तुम्ही आता सहज ‘हुरहूर लागते’ म्हणालात, तिथेच माझ्या मते गाठ आहे. आपण नामं शोधतोय, बघायला हवीत क्रियापदं.

आशा आपण धरतो, बाळगतो, ठेवतो, सोडतो. करणारा मी. म्हणून ‘या वर्षी आशा ठेवणार नाही’ असं ठरवता येतं, निदान म्हणता येतं. पण हुरहूर लागते, ओढ लागते, आस लागते. भूक आणि तहान लागते तशी. इथे मी काही करत नाही, मला ते होतं. शंकेचंही तसंच. शंका येते, मनात पाल चुकचुकते. कोणी मुद्दाम पाल चुकचुकवत नाही.

तुमचं मे महिन्यातलं ठरवणं पहिल्या गटातलं आहे आणि जुलैतली वही दुसऱ्या गटातली. म्हणून ठरवलेलं टिकत नाही. आशा तुम्ही खरंच सोडलेली असते, आस तोवर लागलेली असते. मी पंचवीस वर्षं मराठी शिकवतोय, पण ‘आशा’ आणि ‘आस’ यांतला हा फरक तुमच्या प्रश्नामुळे पहिल्यांदा इतका स्वच्छ दिसला.

‘उमेद’ही आहे. फारसीत तिचा अर्थ सरळ आशा. मराठीत येताना तिला बळ चिकटलं: उमेदीची वर्षं, उमेद खचली. ती मैदानावरच्यांना शोभते. आणि ‘उमेदवार’ म्हणजे मुळात आशा बाळगणारा. वर्तमानपत्रं विजेतेपदाचे ‘दावेदार’ लिहितात, त्यात हक्काचा सूर आहे. तीनदा दुसऱ्या आलेल्या संघाला मी उमेदवार म्हणेन. दावा करण्याजोगं हातात काही नाही, उमेद मात्र आहे.

प्रतिसाद

‘भरवसा’ कोणी घेतला नाही. नव्या आघाडीवीराच्या बाबतीत सगळा प्रश्न त्याचाच आहे. ग्योकेरेसने गेल्या हंगामात पोर्तुगालच्या लीगमध्ये स्पोर्टिंगसाठी ३९ गोल केले. हा आकडा बघून भरवसा वाटायला हवा. पण आपल्याकडे ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण उगाच नाही. फर्नांदो तोरेस जानेवारी २०११ मध्ये पाच कोटी पौंडांना चेल्सीत गेला तेव्हा त्याच्याइतका भरवशाचा आघाडीवीर क्वचितच दुसरा होता. त्या हंगामाच्या उरलेल्या भागात लीगमध्ये त्याचा गोल एकच.

म्हण क्रूर आहे, पण खरं सांगते. नुसत्या म्हशीला टोणगा झाला तर कोणी म्हण करत नाही. भरवशाच्या म्हशीला झाला म्हणूनच केली.

विचारणारा

पटलं, आणि हेच मला रात्री जागं ठेवतं. ३९ चा आकडा मी वहीत लिहिलाय, त्याखाली प्रश्नचिन्हही.

वरच्या ‘पाठीराखा’वरून एक भर घालतो. रॉबर्ट चालडिनी आणि सहकाऱ्यांचा १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल संघांवरचा. संघ जिंकला की विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ असं जास्त बोलत, हरला की ‘ते हरले’ कडे झुकत. मराठीत याच्या तीन पायऱ्या होतात. समोरचा आर्सेनलचा असेल तर मी म्हणतो ‘आपण’. लिव्हरपूलचा असेल तर ‘आम्ही’. आणि ‘ते’ म्हटलं की मी बाहेर पडलो. गेल्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत रेआल माद्रिदला दोन सामन्यांत मिळून ५-१ ने हरवलं, मग उपांत्य फेरीत पॅरिसकडून दोन्ही सामने हरलो. त्या रात्री बोलताना मी ‘आपण हरलो’च म्हणालो. ‘ते’ तोंडातून आलं नाही. हे मला स्वतःबद्दल बरं वाटलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक आहे.

प्रतिसाद

माझं मत ‘वेध’ला. ‘हंगामाचे वेध लागले’ हे खेळाच्या पानांवर इतकं छापून आलंय की त्याची धार गेली. पण मूळ बघा. ग्रहणाआधीचा काळ म्हणजे वेध, सूर्यग्रहणाला चार प्रहर, चंद्रग्रहणाला तीन. अजून काही झालेलं नसतं, बिंब पूर्ण असतं, पण सावली येणार हे ठाऊक असतं. म्हणजे वाट पाहणं आणि धास्ती एकाच शब्दात. शिवाय ‘वेध घेणे’ म्हणजे नेम धरणे, ताऱ्याचं स्थान निरखणे. तेही तुमच्या वहीत चालूच आहे. आणि वर म्हटल्याप्रमाणे वेधही ‘लागतात’.

विचारणारा

हा आतापर्यंत सर्वात जवळचा. फक्त एक अडचण. वेध ग्रहणाचे असोत की लग्नाचे, पुढची घटना ठरलेली असते. माझ्या बाबतीत सामने ठरलेले आहेत, बाकी काहीच नाही.

प्रतिसाद

उशिरा आलो. वरचं सगळं वाचलं. तुम्हाला हवा असलेला शब्द तुमच्याच प्रश्नात आहे, आणि तो नाम नाही म्हणून इतका वेळ निसटतोय.

तुम्ही लिहिलंय: ‘यंदा तरी होईल का’. त्यातला ‘तरी’ काढून बघा. ‘यंदा होईल का’ ही साधी चौकशी झाली, कोणीही विचारेल. ‘यंदा तर होईलच’ ही खात्री झाली, ती एकाच वर्षाची जुनी असली तरी चालते. पण ‘यंदा तरी’ म्हणायला मागे न झालेली वर्षं लागतात. ती सगळी त्या दोन अक्षरांत मोजलेली असतात, आणि तरीही वाक्य पुढे सरकतं. न झाल्याची शंका आणि होण्याची आस, दोन्ही एका श्वासात. लेस्टरच्या पाठीराख्यांना त्या वर्षी ‘तरी’ म्हणता आलं नसतं. तुम्हाला येतं.

विचारणारा

मी ते लिहिलं तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

जुन्या वह्या काढून बघितल्या. २०२३ च्या पानावर, अकरा नावांच्या खाली, ‘यंदा तरी’ लिहिलंय. २०२४ च्या पानावरही. या वर्षीच्या पानावर अजून नव्हतं, आत्ता लिहिलं. रविवारी सामना आहे. उजव्या बचावपटूचं नाव तेवढं ठरायचंय.