जुळवून घेण्यातच तर मजा आहे

‘एकट्याने वाजवताना कुणाशी जुळवून घ्यावं लागत नाही, म्हणून खरा आनंद तिथेच’ हा एकट्याने वाजवावं की इतरांसोबत या चर्चेतला मुद्दा लयीपुरता मला पटतो. मनात येईल तिथे थांबावं, एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवावी, ही चैन चारचौघांत मिळत नाही. पण सुराचं काय? त्याबद्दल इथे कुणीच बोललेलं नाही.

मी व्हायोलिन वाजवते. दुसऱ्या व्हायोलिनने सा धरला आणि मी त्यावर शुद्ध गंधार (सा-रे-ग मधला ग) लावला, की आधी दोन्ही सुरांत बारीक थरथर ऐकू येते. बोट केसभर मागे घेतलं की ती मंदावते आणि एका जागी पार नाहीशी होते. हा गंधार पियानोवरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं एकक; पियानोच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, म्हणजे अर्धस्वर, १०० सेंट). तानपुऱ्यावरही तो सापडतो, नाही असं नाही. पण तानपुऱ्याचा सूर आपल्या जागेवरून हलत नाही. समोरचा वादक मात्र माझं ऐकून स्वतःचं बोटही सरकवतो, आणि आम्ही दोघं मिळून त्या जागेवर पोचतो. त्या क्षणी अंगावर जो काटा येतो, तो एकटीने तासन्‌तास रियाज करूनही मला कधी आलेला नाही.