मदत हवी आहे: पहाटेची बोट, नाश्ता आणि सोबत आई

अमेरिकेतल्या अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये जंगल क्रूझ या बोटीच्या राइडवर खासगी नाश्त्याचं आमंत्रण आलंय, पार्क उघडायच्या आधी. कुणी अशा कार्यक्रमाला गेलंय का?

ही राइड 1955 ची, पार्कइतकीच जुनी. बोट पाण्याखालच्या रुळावरून चालते आणि तो दिसू नये म्हणून पाणी मुद्दाम गढूळ ठेवतात, हे ऐकून आईची अर्धी भीती गेली. उरलेली अर्धी माझ्याकडे आली.

मुख्य अडचण खाण्याची. आईला डायबेटिस आहे, गोळीनंतर अर्ध्या तासात पोटात काहीतरी जायलाच हवं. नाश्ता चालत्या बोटीत देतात की आधी धक्क्यावर बसवून? बाकावर बसून मांडीवर प्लेट, हातात गरम कॉफी आणि वर वळणं, हे तिच्याच्याने व्हायचं नाही. गुडघ्यांमुळे बोटीत पाय खाली टाकून उतरणंही कठीण. लिफ्टवाली बोट आधी सांगून मिळते का?

आमंत्रणावर पावणेसात लिहिलंय. ती बोट सुटायची वेळ की गेटवर हजर राहायची? पार्कचं तिकीट वेगळं लागतं का?

या राइडवर बोटीचा कप्तान वाटेत पांचट विनोद करतो, ते आईला मराठीत समजावायचं कामही माझंच. ती हसेपर्यंत बोट दोन वळणं पुढे गेलेली असणार.