ट्रान्सपॉन्डर आले, आता गस्त कशाला?

उरणकर: काल इथे एकानं लिहिलं, बोटींवर ट्रान्सपॉन्डर (बोट कुठे आहे ते किनाऱ्याला कळवणारं यंत्र) आणि वर ड्रोन आले, आता सागरी पोलिसांच्या गस्तीवर पैसा घालू नका. वाचून डोकं फिरलं. फेब्रुवारी 2024 मध्ये तिघे तमिळ मच्छीमार कुवेतहून मालकाची बोट घेऊन पळाले आणि थेट मुंबईच्या तोंडाशी आले. 26/11 नंतर किनाऱ्यावर रडारची साखळी उभारली, तरी! अडवलं कोणी? गस्तीवरच्या पोलिसांनी.

ऐरोलीचा: काल लिहिणारा मीच. एका बोटीवरून सगळं मोडीत काढू नका. 26/11 च्या अतिरेक्यांनी 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवली तेव्हा ती कुठे आहे हे किनाऱ्यावर कळायची सोयच नव्हती. एआयएसची, म्हणजे बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्राची, सक्ती 20 मीटरवरच्या बोटींना. लहान बोटी मोकळ्याच. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला 1 लाख ट्रान्सपॉन्डरची योजना सुरू झाली ती त्यासाठीच.

दिवाळे कोळीवाडा: बोट पळवणारा ट्रान्सपॉन्डर चालू ठेवेल होय? पाळत आमच्यावरच. एलईडी मासेमारीला, म्हणजे झगझगीत दिवे लावून मासळी ओढायला, 2017 पासून बंदी आहे ना? माझा मामेभाऊ रात्री जाळं टाकून बसतो, समोर पाणी दिवसासारखं उजळलेलं. गस्तवाल्यांना फोन करून करून थकला. पहाटे एलईडीवाल्यांची मासळी विकून मोकळी, याच्या जाळ्यात चार बोंबील. डिझेलचा परतावाही रखडलाय!

वाशीकर: विषय सुरक्षेचा. परतावा मध्येच कुठून आला?

दिवाळे कोळीवाडा: विषय तोच आहे! एवढा उजेड दिसत नाही त्यांना अंधारातली होडी दिसणार? 2022 मध्ये हरिहरेश्वरला एके-47 असलेली नौका लागली, ती किनाऱ्यावरच्या लोकांनीच पाहिली. एसीत बसून आम्हाला शिकवू नका.

ऐरोलीचा: एसी काढू नका. सप्टेंबर 2016 मध्ये उरणला शाळकरी मुलांनी हत्यारबंद माणसं पाहिल्याचं सांगितलं. शाळा बंद, हेलिकॉप्टर डोक्यावर, बहीण लेकरांना घेऊन दार लावून बसलेली. हाती काही लागलं नाही. ड्रोन असते तर डोंगर-खाडी लवकर पालथी घातली असती.

उरणकर: त्या कामाला ड्रोन हवेत, मान्य. पण 1993 ला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठी रायगडातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं ते काय यंत्र नव्हतं म्हणून? कस्टम आणि पोलिसांतल्या लोकांनी पैसे खाल्ले, कोर्टात सिद्ध झालंय. पडद्यावर ठिपका दिसला तरी बोट काढून जायला माणूसच लागतो.

ऐरोलीचा: बरं, गस्त बंद करा हे मागे घेतो. पण सरहद्द ओलांडायच्या आत ट्रान्सपॉन्डर इशारा देतो. पालघरची पोरं कराचीच्या तुरुंगात सडतात, त्यांच्या घरी जाऊन सांगा यंत्र नको म्हणून.

दिवाळे कोळीवाडा: ते नको कोण म्हणतंय? बसवा. पण रात्री फोन केला तर उचला.