मदत हवी आहे: टर्फवर रेषा टिकत नाहीत, शनिवारी सामने

पीटीमास्तर: शनिवारी फुटबॉलचे सामने आहेत आणि शाळेच्या कृत्रिम टर्फवरच्या रेषा गायब. डिस्टेंपर मारला, काल रात्रीच्या पावसात सगळं दूध होऊन वाहून गेलं. टिकेल असा रंग कोणता? घाई आहे.

मैदानी: रंग कशाला? फक्की मारा. वीस वर्षं मारतोय, कधी अडलं नाही.

गोलकीपरची_आई: मातीवर मारली असेल तुम्ही. टर्फवर ती रबराच्या दाण्यांत जाऊन बसते. वर पोरगं घसरलं की चुना सोललेल्या गुडघ्यात.

मैदानी: आमच्या वेळी कोण रडत नव्हतं.

आडवापट्टा: मास्तर, रेषा विणलेल्या की रंगवलेल्या? अकरा जणांचं मैदान की सातचं? आधी कोणता रंग होता? काहीच लिहिलं नाहीत.

पीटीमास्तर: रंगवलेल्याच हो. अकराच्या पांढऱ्या, सातच्या पिवळ्या. पिवळ्या ठणठणीत आहेत, पांढऱ्याच गेल्या. गेल्या वर्षी भिंती रंगवणाऱ्याकडून करून घेतलं होतं. तसंही रेफरी म्हणाले होते, डी (गोलपुढची पेनल्टीची चौकट) अरुंद वाटतो.

आडवापट्टा: हे आत्ता सांगताय? डीची रुंदी टेपने मोजा आधी.

सांगलीकर८८: कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर या एकदा, फुटबॉल म्हणजे काय ते कळेल. टर्फवर पोरांचे गुडघे जातात. माती ती मातीच.

गोलकीपरची_आई: आणि पावसाळ्यात चिखलात काय पोहायचं?

पीटीमास्तर: मोजला. ३३ मीटर.

आडवापट्टा: वाटलंच. १६.५ मीटर गोलच्या मध्यापासून धरलेत. ते खांबाच्या आतल्या कडेपासून दोन्ही बाजूंना धरायचे असतात. गोल ७.३२चा, म्हणजे डी ४०.३२ हवा. टिकणाऱ्या रंगाने तीच चूक पक्की करणार होतात! पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर आहे का तेही बघा. काटकोनाला दोरीवर ३-४-५ मापाचा त्रिकोण धरा, नजरेवर जाऊ नका.

पीटीमास्तर: ठिपका बरोबर आहे. पण जुन्या रेषांच्या खुणा अजून दिसतात, त्यांचं काय? थिनरने पुसू?

रंगारी_पुणे: थिनर अजिबात नको, धागे आणि खालचा गोंद दोन्ही खराब होतील. खुणांवर टर्फचाच हिरवा रंग मारा. नव्या रेषांना टर्फसाठीचा पाण्यातला ॲक्रिलिक घ्या, ऑइल पेंटने धागे कडक होतात. टर्फ पूर्ण कोरडं हवं, रंग वाळेपर्यंत पाऊस नको. रेषा १२ सेंटिमीटरपेक्षा रुंद नको.

मैदानी: पिवळ्याही पुसून टाका, पोरं गोंधळतात.

आडवापट्टा: काही गरज नाही. कृत्रिम मैदानावर इतर रेषा चालतात, रंग वेगळा आणि स्पष्ट ओळखू येणारा असला की झालं. बिचाऱ्यांना आणखी कामाला लावू नका.

नवीन_सभासद: तुमचं टर्फ रात्री क्रिकेटला देता का? तासाचे किती?

पीटीमास्तर: नाही देत. बाहेर पुन्हा भरून आलंय. ताडपत्री किती मोठी लागेल एका डीला?