मदत हवी आहे: लिलावाचे भाव मोबाईलवर, पोलिंग ठेवू, एसएसई घेऊ की वेबसॉकेट?

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा अडत्यासाठी छोटं वेब ॲप केलंय. मुनीम लिलावाचा भाव टाकतो, काटोल-नरखेडकडचे बागायतदार मोबाईलवर पाहतात. मागे पीएचपी, वेब सर्व्हर एनजिनएक्स, 2 जीबी रॅमचं भाड्याचं मशीन. समोर ब्राउझरमध्ये जेक्वेरी, दर 5 सेकंदांनी भाव मागवणारी (हेच पोलिंग).

तीस-चाळीस फोन होते तोवर निभलं. आता आंबिया बहाराची संत्री बाजारात आलीत, सकाळी 200 फोन उघडे. म्हणजे सेकंदाला 40 रिक्वेस्ट, आणि बहुतेकींना उत्तर एकच: बदल नाही.

लोडचं एकवेळ पाहून घेऊ, खरी फजिती परवा झाली. 25,500 चा भाव स्क्रीनवर आला आणि दोन सेकंदांत परत 24,000! लगेच एका शेतकऱ्याचा फोन, "काहून भाऊ, भाव पडला का?" लॉग पाहिला तर आधीच्या रिक्वेस्टचं उत्तर रेंजअभावी रेंगाळून नंतरच्या उत्तराच्या मागून पोचलं होतं. आता प्रत्येक भावाला क्रमांक देतो, जुना आला की टाकून देतो.

ओळखीतला एक जण म्हणतो सॉकेट डॉट आयओ (वेबसॉकेटची, म्हणजे दुतर्फी जोडणीची लायब्ररी) लाव. पण भाव जातो एकाच दिशेनं. मुनीम तर भाव साध्या पोस्ट रिक्वेस्टनं टाकतो. म्हणून माझा कल एसएसईकडे, ज्यात कनेक्शन उघडं राहतं आणि सर्व्हरच नवा भाव पाठवतो. ब्राउझरमधलं त्यासाठीचं इव्हेंटसोर्स कनेक्शन तुटलं तर आपणच पुन्हा जोडतं, शेवटचा आयडीही पाठवतं, त्यामुळे मधले हुकलेले भाव देता येतात. रेंज जाणाऱ्या गावांसाठी हेच हवंय.

अडतं ते इथं: प्रत्येक उघडं कनेक्शन पीएचपीचा एक वर्कर (एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) धरून बसणार. 200 वर्कर या सर्व्हरला झेपतील असं वाटत नाही. कोणी हे चालवलंय का?

प्रतिसाद 1
स्ट्रीम पीएचपीत ठेवूच नका. नोडची (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टची) छोटी प्रोसेस वेगळी चालवा, ती एकटीच अनेक कनेक्शन उघडी ठेवते. पीएचपीनं भाव रेडिसवर (मेमरीतला डेटाबेस, निरोप पोचवतो) पब्लिश करावा, तिथून नोड उचलेल. एनजिनएक्सचं प्रॉक्सी बफरिंग (उत्तर साठवून मग पुढे देणं) स्ट्रीमच्या पत्त्यापुरतं बंद करा, नाहीतर भाव तुंबून एकदम येतील. दर 20 सेकंदांनी नुसती कोलनची ओळ पाठवत राहा, ब्राउझर ती दुर्लक्षितो पण कनेक्शन जागं राहतं. 60 सेकंद सामसूम राहिली की एनजिनएक्स कनेक्शन तोडतो. आणि एचटीटीपी 2 चालू करा. एचटीटीपी 1.1 वर ब्राउझर एका साइटला सहाच कनेक्शन देतो, प्रत्येक टॅबचं एक स्ट्रीम उघडं असलं की सातवा टॅब लटकतो.
बाकी कामांना जेक्वेरीऐवजी ब्राउझरचं स्वतःचं फेच पुरे. फक्त सर्व्हरकडून 500 (बिघाडाचा कोड) आला तरी फेच एरर फेकत नाही, रिस्पॉन्सचं ओके स्वतः तपासा.

धागाकर्ता
सातव्या टॅबचं आत्ता कळलं! मुनीमजींचे कधीच दहाच्या खाली टॅब नसतात, एसएसई लावल्यावर मी त्यांच्या कॉम्प्युटरला शिव्या घातल्या असत्या.
नोडची प्रोसेस आज रात्री टेस्टवर चढवतो. एकच राहिलं: लॉगिनचं टोकन (ओळख पटवणारा कोड) मी रिक्वेस्टच्या हेडरमध्ये पाठवतो, आणि इव्हेंटसोर्सला स्वतःचा हेडर लावता येत नाही. कुकीवर जावं, की फेचनंच स्ट्रीम वाचून रिकनेक्ट हातानं लिहावं?